शंका आली की फाऊल

दिगंबर सबनीसने माझ्यावर पहिल्यांदा पिवळं फडकं फेकलं तेव्हा मी माझ्याच घरात, माझ्याच सुनेला, माझ्या हक्काचं बोलत होते. विषय किरकोळ होता. पोळ्या जाड होतात, एवढाच. दिगंबर वरच्या मजल्यावरून मेथीची जुडी द्यायला आला होता. दारातच थांबला, खिशात हात घातला, आणि काहीतरी सप्पकन माझ्या पायाशी येऊन पडलं.

"फाऊल, काकू."

"कसला रे?"

"तिचे दोन्ही हात कणकेत आहेत. कणकेत हात असलेल्या माणसाला बोलायचं नाही. डिफेन्सलेस प्लेयर. पंधरा यार्ड मागे!"

पंधरा यार्ड मागे गेले असते तर बाल्कनीतून थेट खाली सायकलींवर पडले असते. टोक्योजवळच्या ग्योतोकुतली घरं ती केवढी! मी आपली तीन पावलं मागे झाले. सून कणकेकडे बघून हसली. तेव्हापासून ती दिगंबरच्या पार्टीत आहे.

दिगंबर मूळचा पुण्याचा. कावासाकीच्या एका कंपनीत पंचवीसेक वर्षं सॉफ्टवेअर तपासतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधतो आणि पगार घेतो. ऑफिसात तो सबनीस-सान, आमच्या इमारतीत दिगंबर, आणि बायको चिडली की पंचसाहेब. लहानपणी कॅरम सोडून काही खेळला नाही, आणि त्यातही राणी घालवायचा. अशा माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. पंचाचा काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालून, कॉलेजच्या खऱ्या सामन्यात, तो पिवळा फ्लॅग एकदा वेळेवर टाकायचा.

सामना कसला, तर अमेरिकन फुटबॉलचा. इथली मुलं त्याला आमेफुतो म्हणतात. नाव फुटबॉल, पण पाय फक्त पळायला. लंबगोल चेंडू हातात, डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर गाद्या, आणि समोरच्याला आडवं करणं हाच खेळ. त्यात एक नियम आहे. जो स्वतःला सावरू शकत नाही त्याच्या डोक्यामानेला धडक द्यायची नाही. म्हणजे झेल घ्यायला वर बघत उडी मारलेला, खाली पडलेला, आता मी खेळत नाही म्हणून थांबलेला. दिलीच धडक, तर पंच कमरेचा फ्लॅग, म्हणजे पिवळं फडकं, टाकतो, संघ पंधरा यार्ड मागे जातो आणि मारणारा मैदानाबाहेर. आणि पंचाला नक्की कळलं नाही तर? तेही लिहिलेलं आहे म्हणे. शंका आली की फाऊल.

हे वाक्य दिगंबर उठताबसता म्हणतो. स्टेशनच्या गेटवर एखाद्या बाईला पर्समध्ये कार्ड सापडत नाही आणि मागचा 'च्च' करतो, की पडला फ्लॅग. तोझाई लाइनच्या गाडीत झोपलेल्या माणसाला कोणी कोपराने ढकललं, फ्लॅग. चुकीच्या दिवशी चुकीची पिशवी ठेवणाऱ्या आजीबाईंना कचऱ्याच्या जाळीपाशी केअरटेकर झापत होता, फ्लॅग. एकदा मीटिंगमध्ये साहेब एका पोराला रागावत होते आणि पोरगं कमरेत वाकून माफी मागत होतं. दिगंबरने टेबलावर फ्लॅग टाकला. "वाकलेल्या माणसाला समोरून काय येतंय ते दिसत नाही," म्हणाला. त्यानंतर महिनाभर सबनीस-सानला मीटिंगला बोलावलं नाही. "निवांत गेला महिना," तो म्हणाला.

पहिलं फडकं भांडी पुसायचं होतं, ते उडायचंच नाही. मग मी शिवून दिलं. हळदीकुंकवात मिळालेल्या पिवळ्या ब्लाउजपीसचा एक गठ्ठा मी मुंबईहून आणला होता, कशाला ते मलाही माहीत नाही. कोपऱ्यात वजन हवं म्हणून मूठभर मटकी बांधली. पावसाळी दिवसांत तो नदीकाठी सराव करून आला आणि ओला फ्लॅग तसाच पिशवीत विसरला. तिसऱ्या दिवशी विद्या, त्याची बायको, तो चिमटीत धरून खाली आली.

"काकू, ह्यांच्या फ्लॅगला मोड आलेत. उसळ करू की धुऊ?"

मी दोन दिवस हसत होते. दिगंबर हसला नाही. "वजन कमी झालं असतं तर वेळेवर पोचला नसता," एवढंच म्हणाला. मग मी मटकी काढून कोपऱ्यात वाळू शिवली.

तो असा का झाला हे मला माहीत आहे. मी तिथे होते.

बारा वर्षांपूर्वी मी नुकतीच मुलाकडे राहायला आले होते. साठीची होते आणि स्वतःला फार मजेशीर म्हातारी समजत होते. साडीवर पांढरे बूट, डोक्यावर नातवाची टोपी, आणि दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायची कला. या शिट्टीपायी शाळेत छड्या खाल्ल्या होत्या, त्यामुळे तिचा फारच अभिमान. अख्ख्या ग्योतोकुला आपलं कौतुक आहे असा माझा समज होता. ती बाई आज समोरून आली तर मी रस्ता बदलीन.

दिगंबरचा एकुलता एक ओजस तेव्हा कॉलेजच्या संघात होता. बचावाचा खेळाडू. म्हणजे समोरच्याला झेल घेऊ द्यायचा नाही, हे त्याचं काम. इथेच वाढलेला मुलगा. आपण मराठीत विचारावं, त्याने जपानीत उत्तर द्यावं. एका रविवारी आम्ही डबे घेऊन त्याचा सामना बघायला गेलो. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. दिगंबरलाही नव्हतं.

समोरच्या संघातला आठ नंबर झेल घ्यायला उडाला. दोन्ही हात वर, तोंड आभाळाकडे, चेंडू अजून यायचाच होता. ओजस तिरका धावत आला आणि मान खाली घालून हेल्मेटसकट त्याच्या हनुवटीखाली घुसला. नारळ फुटावा तसा आवाज झाला. दिगंबर उभा राहून ओरडला, "शाब्बास! असा!" आणि मी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. लांबलचक. हौसेने.

शिट्टी संपली तरी आठ नंबर उठला नाही. त्याच्या हाताची बोटं जरा वेळ हलत होती, मग तीही थांबली.

पंचाने फ्लॅग टाकला नाही. नियम तेव्हाही होता. त्याला शंका आली नाही, की आली आणि हात कमरेपर्यंत गेला नाही, देव जाणे.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये ओजस चिखलाच्या कपड्यांत बसला होता. माझ्या हातात थालीपिठांचा डबा तसाच. डॉक्टर येऊन मणक्याबद्दल काहीतरी सांगून गेले. मग ओजस वडिलांकडे वळला, आणि त्या दिवशी मराठीत बोलला.

"बाबा, फ्लॅग नाही ना पडला? मग मी काही नाही ना केलं?"

 समोरच्या भिंतीवर हात कसे धुवावेत याचं पोस्टर होतं, दिगंबर ते वाचत राहिला. एक ते सहा पायऱ्या. पुन्हा एक ते सहा. ओजस उठून बाहेर गेला.

तो पुन्हा मैदानावर उतरला नाही. पदवी घेतली, पार उत्तरेला होक्काइदोला नोकरी धरली. नवीन वर्षाला फोन करतो, दोन मिनिटं, जपानीत. माझ्या त्या शिट्टीबद्दल दिगंबरने मला आजवर एकदाही फ्लॅग टाकलेला नाही. जाड पोळ्यांबद्दल टाकला.

आठ नंबर जगला. मोरिता त्याचं नाव, कावासाकीला आईजवळ असतो. मानेखाली काही हलत नाही. दिगंबर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मिठाईचा खोका घेऊन जायचा. पहिलं वर्षभर त्याच्या आईने दार उघडलं नाही, खोका पायरीवर ठेवून हा परत यायचा. मग एकदा उघडलं. आत मोरिता पडल्या पडल्या सामना बघत होता. दिगंबरला काही बोलायला सुचेना म्हणून त्याने विचारलं, "आत्ता फाऊल का दिला?"

तिथून सुरुवात झाली. पंचाच्या परीक्षेचं पुस्तक जपानीत, दिगंबरचं कांजीचं, म्हणजे जपानी चित्रलिपीचं, वाचन पाककृतीपुरतं. पानं दिगंबर उलटायचा, वाचायचा मोरिता. दिगंबर पाच वेळा नापास झाला. तीनदा लेखी, दोनदा धावण्यात. पन्नाशी उलटलेला, पोट पुढे आलेला माणूस एदोगावा नदीच्या बांधावर मागे मागे पळायचा, कारण पंचाला म्हणे खेळाकडे पाठ करता येत नाही. मी बांधावर बसून शेंगा खात त्याला हसायची. साठीतली अक्कल पासष्टीतही तेवढीच होती.

सहाव्या वेळी तो पास झाला, आणि गेल्या शरद ऋतूत त्याला सामना मिळाला. नदीकाठचं मैदान, दोन लहानशी कॉलेजं, बघायला आईवडील धरून साठ माणसं. दिगंबर बाजूच्या रेषेवरचा पंच. पट्ट्यांच्या शर्टात तो पोट आलेल्या झेब्र्यासारखा दिसत होता. कमरेला माझा पिवळा ब्लाउजपीस.

"काकू, जमेल ना?" रेषेवर जायच्या आधी त्याने विचारलं.

"शंका आली की फाऊल," मी म्हटलं. "त्यात जमायचंय काय?"

तो हसला नाही.

तीन डाव काही झालं नाही. चौथ्यात, दिगंबरच्याच बाजूला, लांब फेकलेला चेंडू आला. झेलणारा पोरगा रेषेजवळ उडाला. दोन्ही हात वर, तोंड आभाळाकडे. समोरून एकतीस नंबर तिरका धावत येत होता, मान खाली. मी डोळे मिटायला हवे होते, मिटले नाहीत.

दिगंबरने फ्लॅग टाकला.

आधी टाकला. अजून कोणी कोणाला शिवलंही नव्हतं. पिवळं फडकं वाळूच्या वजनाने सणसणत एकतीस नंबरच्या तोंडासमोरून गेलं, तो दचकला, पाय अडखळला आणि झेलणाऱ्याच्या बाजूने घसरत रेषेबाहेर गेला. झेलणारा चेंडू घेऊन खाली आला. दोन्ही पायांवर.

शिट्ट्या वाजल्या. खेळ थांबला. मुख्य पंच धावत आला. बारा वर्षांत रागावण्याचं जपानी मला चांगलंच कळायला लागलंय.

"फाऊल कुठला?"

"झाला नाही," दिगंबर म्हणाला.

"मग फ्लॅग का टाकला?"

"होणार होता."

 मग मुख्य पंच बोलायला लागला. फ्लॅग झालेल्या गोष्टीसाठी असतो, अंगावर फेकायला नसतो, पोराच्या डोळ्याला लागलं असतं म्हणजे, पुन्हा मैदानावर दिसायचं नाही. सगळं खरं होतं. दिगंबर कमरेत वाकून ऐकत होता. वाकलेला माणूस. माझी दोन बोटं तोंडापर्यंत गेली. मी ती खाली घेतली आणि पदरात गुंडाळून ठेवली.

फाऊल नाही, असं जाहीर झालं. उरलेला सामना दिगंबरने हात पाठीमागे बांधून काढला. फ्लॅग कोणीतरी उचलून त्याच्या हातात दिला होता, तो त्याने कमरेला परत लावला नाही.

सामना संपल्यावर मी त्याच्याकडे जायला निघाले. मला वाटलं होतं तो झेलणाऱ्या पोराकडे बघत असेल. बारा वर्षं मी असंच समजत होते की हे सगळं उडी मारणाऱ्यासाठी चाललंय. पण तो पोरगा आपल्या दोस्तांत दंगा करत होता आणि दिगंबर त्याच्याकडे बघतही नव्हता.

एकतीस नंबर हेल्मेट काखेत घेऊन त्याच्याकडे आला. वीस वर्षांचा असेल. घामाने केस कपाळाला चिकटलेले, चेहरा फुगलेला. पंचांशी कसं बोलायचं हे शिकवलेलं असतं इथे, म्हणून आधी वाकला आणि मग भांडला. "मी काय केलं होतं? माझ्यावर फ्लॅग का?"

दिगंबरने त्याला नीट बघून घेतलं, हेल्मेटपासून चिखलाच्या बुटांपर्यंत.

"नानिमो शितेनाई," तो म्हणाला. तू काही नाही केलंस.

पोराला समजेना. "मग?"

"नानिमो शितेनाई," दिगंबर पुन्हा म्हणाला. आणि मग त्याला भान राहिलं नाही बहुतेक, कारण तिसऱ्यांदा त्याने ते मराठीत सांगितलं. "तू काही नाही केलंस रे. काही नाही केलंस."

पोरगा गोंधळून वाकला आणि पळत गेला. दिगंबर तो जात होता तिकडे बघत उभा राहिला. मी मागून जाऊन त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं, कारण त्याने ते फार घट्ट धरलं होतं आणि शिवणीतून वाळू गळत होती.