राखणीचा कोंबडा आणि नारिंगी लुंगी

प्रयागबाईंच्या कोंबड्याने सोनबाच्या पोटरीला चोच मारली, ती त्या सकाळची तिसरी. सोनबाने दांडकं उचललं, तशी कुंपणापलीकडून प्रयागबाई कडाडल्या, "हात लावशील तर बघ! गावदेवीला बोललाय तो, राखणीला कापायला!"

"कवा हाय राखण, काकी?"

"पुढच्या मंगळवारी."

सोनबाने दात खात दांडकं ठेवलं. आठ दिवसांनी हा सैतान रश्श्यात जाणार, एवढ्या एकाच आशेवर आता जगायचं होतं.

गुरुवारी कोंबड्याने सोनबाच्या कुंपणातल्या रुईवरचं नारिंगी-काळं फुलपाखरू गिळलं, मान झटकली आणि भडाभडा ओकला. प्रयागबाईंनी वाडी डोक्यावर घेतली. "विष घातलंन मेल्यानं! कोंबडा मेला तर दुसरा तू देशील!"

"मी कशाला विष घालू? मंगळवारची वाट बघतोय मी!"

सोनबाची मुलगी निशिगंधा महाडला कॉलेजात जायची. ती म्हणाली, "आजी, विष फुलपाखरातच असतं. बिबळ्या कडवा म्हणतात या फुलपाखराला. त्याची अळी रुईची पानं खाते, ते विष अंगात राहतं. एकदा खाल्लं की पाखरू पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही."

"पाखरू काय शाळंत जातं गो?" प्रयागबाई फणकारल्या.

संध्याकाळी कोंबडा पुन्हा आरवू लागला. सोनबाच्या डोक्यात मात्र तो रंग बसला. दुसऱ्या दिवशी त्याने महाडला मुख्तारभाईंच्या दुकानातून नारिंगी लुंगी आणली, काळ्या काठाची, वर पांढरे ठिपके.

"ही नेसून यष्टीत बसलात?" बायको ललिता हादरली.

कोंबड्याने लुंगी पाहिली आणि किंचाळत पळाला. पुढचे चार दिवस सोनबा मुद्दाम अंगणात येरझाऱ्या घालत होता.

मंगळवारी देवळापाशी भिकू गुरव खोळंबला होता. इकडे प्रयागबाईंचे गुडघे धरलेले; त्यांनी हाक मारली, "सोनबा, धर रे त्याला!"

याच हाकेसाठी तर तो थांबला होता! त्याने कुंपणावरून उडी घेतली, त्याच लुंगीत. कोंबडा छपरावर गेला, तिथून फणसाच्या शेंड्यावर. दुपार टळली तरी खाली येईना. उपाशी भिकू वैतागून फणसाखाली आला.

"देवीला हा नको असंल. नारळ द्या नि सोडा त्याला देवीच्या नावानं. आता कुणी हात लावायचा नाय."

"जल्मभर?" सोनबा ओरडला.

"जल्मभर."

बुधवारी ललिताने लुंगी धुतली. सगळा रंग दगडावर उतरला.

गुरुवारी सकाळी पोटरीला चोच बसली. "फुलपाखराला विष हाय, कोंबड्याला देवी हाय," सोनबा लेकीवर खेकसला, "मला काय हाय गो?"

कुंपणापलीकडून आवाज आला, "सोनबा, दांडकं खाली ठेव!"