हामामात्सुला उतरायचं होतं

"या वेळी मी राजासारखा येणार! पहिल्या वर्गाच्या ग्रीन डब्यातून! पाय लांब करून!" एइसाकू नुकायांनी फोनवर बायकोला ठणकावून सांगितलं.

एइसाकू छत्र्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. छत्तीस वर्षं त्यांनी छत्र्या उघडल्या आणि मिटल्या. कारखान्याच्या कामासाठी शिंकानसेन बुलेट ट्रेननं असंख्य वेळा ओसाकाला गेले, पण नेहमी बिनआरक्षणाच्या डब्यात, तेही दाराशी उभं राहून, नमुन्याच्या छत्र्या पोटाशी धरून. आता निवृत्त झाले होते. एकुलत्या एका लेकीचं, चिहोकोचं, लग्न ठरत होतं. हामामात्सुला मुलाकडच्यांबरोबर पहिलं जेवण होतं, दुपारी एक वाजता. मायलेकी आदल्या दिवशीच तिथे पोचल्या होत्या.

"अहो, साध्या डब्यातून या," फुसाए म्हणाली. "तुम्हाला आरामाची सवय नाही. काहीतरी होईल."

"आरामानं कधी कुणाला काही झालंय?"

"तुम्ही पहिले असाल! आणि जेवणाआधी चार शब्द बोलायचेत, लक्षात आहे ना? मुलाचे वडील फार कडक आहेत म्हणे."

लक्षात कसलं, त्या चार शब्दांनी आठवडाभर त्यांची झोप उडवली होती! भाषण कागदावर लिहून झालं होतं. पाठ करायचं गाडीत, असा बेत.

तोक्योला गाडीत बसले आणि एइसाकूंना पहिल्यांदा कळलं, की खुर्ची माणसाला कुशीतही घेते. पाठ मागे रेलली. पायाखाली मऊ पाट आला. त्यांनी बूट काढले. गाडी कधी सुटली ते कळलंच नाही, फलाटच आपणहून मागे सरकला, एखाद्या नम्र नोकरासारखा!

शेजारी जांभळ्या शालीतल्या एक वयस्क बाई होत्या. एइसाकूंनी डोळे मिटले, कागद छातीशी धरला आणि पुटपुटायला लागले.

"मी साधा माणूस आहे... शब्दांचा धनी नाही... पण मनापासून विनंती करतो, हे नातं स्वीकारा..."

शाल दचकली.

"...आजपासून आपण एका कुटुंबाचे..."

"अहो!" बाई कुजबुजल्या. "जरा दमानं घ्या! आपण शेजारी बसून अजून योकोहामासुद्धा आलं नाही!"

एइसाकूंचे डोळे उघडले आणि कान लालबुंद झाले. "नाही, नाही! हे तुम्हाला नाही! हे व्याह्यांना!"

"हात्तिच्या!" बाई म्हणाल्या. सुटकेनं की निराशेनं, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

मग ओळख झाली. बाईंचं आडनाव त्सुयुकी, वय चौऱ्याहत्तर. तीन वर्षांपूर्वी यजमान गेले आणि तेव्हापासून घरात डोळ्याला डोळा लागत नव्हता.

"त्यांच्या घोरण्याची इतकी सवय! आता घर कसं गप्प असतं. म्हणून महिन्यातून एकदा ओसाकापर्यंत जाते नि परत येते. ही गाडी बारीक घोरते बघा. ऐका."

एइसाकूंनी ऐकलं. खरंच, तळातून एक मऊ, संथ घरघर येत होती.

"ऐकवा तुमचं भाषण," बाई म्हणाल्या. "आणि डोळा लागला तर काळजी करू नका. हामामात्सुला मी उठवीन. शब्द देते."

एइसाकूंनी भाषण सुरू केलं. दुसऱ्या वाक्याला बाई झोपल्या. तिसऱ्याला एइसाकू.

आणि काय ती झोप! बाहेर फुजी डोंगर पांढरी टोपी घालून बराच वेळ गाडीबरोबर चालला, मग चहाच्या मळ्यांत मागे राहिला. झोपेत एइसाकूंची खुर्ची अलगद उचलली गेली आणि त्या हिरव्या ओळींवरून तरंगत निघाली. खांद्यावर चिहोको होती, चार वर्षांची, पिवळ्या रेनकोटात. खाली तळ्यात छत्र्या फुलल्या होत्या. तळ्याच्या काठावर फुसाए उभी होती आणि पाण्यावर टकटक करत होती. किती सुंदर दिसत होती ती! एइसाकू हसले. त्यांनी हात हलवला. तिनं आणखी जोरात टकटक केलं. त्यांनी आणखी प्रेमानं हात हलवला. खुर्ची पुढे तरंगत गेली...

"...नागोया. नागोया."

एइसाकू ताडकन उठले. हामामात्सु मागे राहिलं होतं! फोनवर फुसाएचे सात निरोप होते. शेवटचा असा: "तुमची गाडी आली. तुम्ही खिडकीत झोपलेले दिसलात. मी काचेवर टकटक केली. तुम्ही हसलात. मग टाटा केलात! गाडी गेली. मुलाचे वडील माझ्या शेजारीच उभे होते."

"बाई! उठा! नागोया!"

"अगंबाई!" त्सुयुकीबाई उठल्या, शाल सावरली आणि त्यांच्या मागोमाग उतरल्याच. "तुम्ही कुठे?" एइसाकूंनी विचारलं.

"शब्द दिला होता. आता मीच येऊन सांगते त्यांना."

परतीच्या हळूगाडीत जागा भरपूर होत्या. पण बसायची हिंमत कुणाची? दोघंही दाराशी उभी राहिली, एकमेकांवर पाळत ठेवून.

दोन वाजता दोघं खाणावळीत पोचली. ईल मासा थंड झाला होता आणि मुलाचे वडील, हिसामात्सुसाहेब, त्याहून थंड.

"आणि ह्या कोण?" फुसाएनं जांभळ्या शालीकडे पाहत विचारलं.

"ह्यांच्यामुळेच उशीर झाला," एइसाकू घाईघाईनं म्हणाले. "आम्ही दोघं झोपलो होतो."

चिहोकोच्या हातातल्या जेवणाच्या काड्या गळून पडल्या.

"म्हणजे, शेजारी-शेजारी!"

"बाबा, गप्प बसा!"

"तीन वर्षांत इतकी छान झोप लागली नव्हती हो," त्सुयुकीबाई मदतीला धावल्या. आता मुलाच्या आईनंही काड्या खाली ठेवल्या.

शेवटी बाईंनीच पहिल्यापासून सगळं सांगितलं, योकोहामाच्या गैरसमजासकट. कुणीतरी फिसकन हसलं. हिसामात्सुसाहेब मात्र ताठ बसून होते.

"ऐकू या मग," ते म्हणाले. "चार शब्द."

एइसाकूंनी खिशात हात घातला. कागद नव्हता. तो ओसाकाकडे निघून गेला होता, ग्रीन डब्यातून, आरामात.

ते उभे राहिले. मग डोळ्यांसमोर होतं तेच बोलले.

"आज स्वप्नात चिहोको माझ्या खांद्यावर होती. चार वर्षांची. ती खरंच चार वर्षांची होती, तेव्हा मी कारखान्यात असायचो. घरी यायचो तेव्हा ती झोपलेली असायची. ती जागी असताना तिला खांद्यावर घेतल्याचं मला आठवतच नाही. आज घेतलं. म्हणून उठलो नाही. चुकलं माझं."

चिहोको खाली मान घालून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. फुसाएनं पदरासारखा रुमाल तोंडाला लावला.

एइसाकूंना जोर चढला. ते समोरच्या तरुणाकडे वळले आणि कमरेत वाकून म्हणाले, "शुन्पेइसान! माझ्या लेकीला सांभाळा. तुम्ही दोघं सुखानं राहा, शुन्पेइसान. ती जागी असताना घरी येत जा. आजपासून तुम्ही माझा मुलगाच, शुन्पेइसान!"

एइसाकूंनी मान वर केली. हिसामात्सुसाहेबांचे डोळे पाणावले होते. त्यांनी ते नीट पुसले, घसा खाकरला आणि हळुवारपणे म्हणाले,

"नुकायासान, फार सुंदर बोललात. पण नवऱ्यामुलाचं नाव कोहेइ. शुन्पेइ हा थोरला. आणि ही त्याच्या शेजारी बसली आहे, ती त्याची बायको."

शुन्पेइची बायको नवऱ्याकडे बघत होती. शुन्पेइ छताकडे बघत होता.

फुसाएनं एइसाकूंची बाही ओढून त्यांना खाली बसवलं आणि कानाशी वाकून म्हणाली,

"अहो, तुम्ही झोपलेलेच बरे होतात!"