फोटोतला बारावा

"अहो, फुटबॉलला माणसं किती लागतात?" दाक्षायणीनं विचारलं.

"अकरा," टाक दौतीत बुडवत सिद्रामप्पा म्हणाले.

"मग हे बारा कसे?"

सिद्रामप्पा सोलापूरच्या एका गिरणीत कारकून होते आणि गिरणीच्या फुटबॉल क्लबाचे सेक्रेटरी. वेल्समधल्या कुठल्याशा खाणगावाहून आलेल्या एका साहेबानं आपल्या गावच्यासारखा क्लब इथं काढला होता. १९२४ साली त्या क्लबानं कुर्डुवाडीला हरवून ढाल जिंकली. मग साहेब मायदेशी गेला आणि दुसरी ढाल काही आली नाही. आता दहा वर्षं झाली म्हणून समारंभ करून क्लबाचा इतिहास छापायचा होता, आणि विजयाच्या दिवशीचा फोटो नावं लिहायला सिद्रामप्पांनी घरी आणला होता.

त्यांनी मोजलं. बाराच. मागच्या रांगेत, क्लबाच्याच पट्ट्यापट्ट्यांच्या सदऱ्यात, एक लांबट चेहऱ्याचा माणूस. बाकी सगळे फोटोवाल्याकडं बघत होते. हा सरळ सिद्रामप्पांकडं बघत होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते बॉयलरवर गेले. जुना गोलकीपर मायाप्पा तिथं कामाला होता.

"ह्यो व्हय? वळखतो की! माज्या डाव्या अंगाला हुबा असायचा. बोलायचा न्हाय."

"नाव काय त्याचं?"

"बोलायचाच न्हाय, तर नाव कसं कळंल?"

विजयाचा गोल मारणारा रावजी तिथंच भाकरी खात होता. फोटो बघून त्याचा घास हातातच राहिला. "पास ह्यानंच दिला मला. गोल झाल्यावर हात मिळवला. लई गार हात, सेक्रेटरी. भर उन्हाळ्यात विहिरीतल्या दगडावानी." त्यानं तळहात धोतराला पुसला.

बॉयलरच्या धगीत मायाप्पाच्या अंगावर काटा आला. सिद्रामप्पांच्याही आला, पण वेगळ्या कारणानं. "अरे, बारा जण खेळलो म्हणजे ढाल परत द्यावी लागेल!"

"मानूस असला तर," मायाप्पा हळूच म्हणाला. "भूत कोन मोजतंय?"

तेव्हा ते भूतच, असं तिघांनी एकमतानं ठरवलं. पण समारंभाला कुर्डुवाडीचा जुना कप्तान जोतीराम येणार होता, आणि त्याला भूत पटेलच असं नव्हतं. फोटो भिंतीवर हवाच, असा मॅनेजरसाहेबांचा हुकूम. म्हणून सिद्रामप्पांनी झेंडूचा जाडजूड हार बरोबर त्या चेहऱ्यावर येईल असा घातला.

जोतीराम आला. हार बघताच त्यानं टोपी काढली. "कोन वारलं?"

"कुणी नाही."

"मग हार कशापायी?" म्हणत त्यानं हार बाजूला केला, आणि त्या लांबट चेहऱ्यावर बोट ठेवलं. "ह्यो... तुमचा हाय?"

"तुमचा नाही?" सिद्रामप्पांच्या तोंडून निसटलं.

"आमच्याबी फोटोत हाय की! त्याच दिसाचा फोटो. आमच्या सदऱ्यात. धा वर्सं पेटीच्या तळाला दडवून ठिवलाय. लोक म्हनलं असतं, बारा खेळवूनबी हरलं!"

कुणी हललं नाही. भिंतीवरचा हार मात्र संथ हलत होता. सिद्रामप्पा बोटांवर काहीतरी मोजत होते.

"बाराविरुद्ध बारा," ते एकदम ओरडले, "म्हणजे सामना चोख झाला की!"

ढाल वाचली. सगळ्यांनी चहा घेतला, पेढे खाल्ले. फक्त त्या भिंतीकडं पाठ करायला कुणी तयार होईना.

घरी आल्यावर दाक्षायणीनं सगळं ऐकून घेतलं. "पण अहो, तो एकाच वेळी दोन्हीकडून खेळला तरी कसा?"

सिद्रामप्पांनी टाक दौतीत बुडवला.

"चांगला खेळला," ते म्हणाले.