पंचवीस मिनिटांचे अंतर

नंदुरबारचे नवे विमानतळ आणि शेजारच्या जिल्ह्याचे विमानतळ यांतील अंतर एकशे चाळीस किलोमीटर असून उड्डाणाचा कालावधी पंचवीस मिनिटे आहे, असे अधिकृतपणे जाहीर झाले. विमान एकदाच उडाले. त्यात पाहुणे होते. ते परतले मोटारीने; पण त्यामुळे कालावधीत बदल करण्याचे कारण नव्हते.

ब्राह्मणपुरीच्या निर्मलाबाईंनी केळीच्या बागेत उभे राहून ते विमान पाहिले आणि त्याला हात जोडले. पुढच्या महिन्यात शेजारच्या जिल्ह्याला जाणारी थेट बस बंद झाली. पंचवीस मिनिटांच्या अंतरासाठी पाच तासांची गाडी सोडणे हा प्रवाशांच्या वेळेचा अपव्यय आहे, असे बसस्थानकाच्या खिडकीतल्या माणसाने त्यांना समजावून सांगितले. मग शहाद्याला होऊ घातलेले हृदयरोग केंद्रही तिकडेच गेले. रुग्ण अर्ध्या तासाच्या आत पोहोचू शकतो, हे कारण बिनतोड होते.

एका सकाळी त्यांचे यजमान भिला पाटील चहा पिऊन उठले आणि लगेच खाली बसले.

"छातीमा कळ मारी ऱ्हायनी," पंप बंद पडल्याचे सांगावे तसे ते म्हणाले.

मुलाने, नवनीतने, शेजाऱ्याची जीप काढली. विमानतळाकडे जाणारा चौपदरी रस्ता होण्यासाठी जुना रस्ता खोदलेला होता. निर्मलाबाईंनी यजमानांचे डोके मांडीवर घेतले होते. त्यांची पापणी जड झाली, की त्या बोलू लागत; म्हशीबद्दल, व्याह्यांबद्दल, काहीही.

"अहो, डोया झाकू नका. मी काय सांगी ऱ्हायनू, ऐका ना."

भिला पाटील वाचले. केंद्राच्या तरुण डॉक्टरांनी घाम पुसला आणि संगणकासमोर बसून विचारले, "दुखणं सकाळचं. अंतर पंचवीस मिनिटांचं. तुम्ही दुपार का केलीत?"

"साहेब, इमान एकच दिन उडनं. तठे आते बकऱ्या चरी ऱ्हायन्यात."

"बकऱ्यांसाठी रकाना नाही, बाई." आणि त्यांनी 'नातेवाइकांची दिरंगाई' हा पर्याय निवडला.

"चुकनं साहेब," निर्मलाबाई म्हणाल्या. ज्यांनी कुंकू राखले, त्यांच्याशी वाद कसा घालायचा?

दिरंगाईची नोंद झाल्यामुळे चौकशीला एक अधिकारी गावात आले. ग्रामसभा भरली. अधिकारी सहृदय होते. त्यांनी गावापुढे थेट प्रश्न ठेवला: बस परत हवी, की विमानाची दुसरी फेरी?

"दुसरी?" नवनीतने विचारले. "पहिली कठे शे?"

"ती मंजूर आहे," अधिकारी म्हणाले.

गावाने विचार केला. विमानतळाजवळचे गाव म्हटल्यापासून पोरांना सोयरिकी येऊ लागल्या होत्या. बसच्या गावाला पोरगी कोण देतो? विमानासाठी भराभर हात वर झाले. भिला पाटलांना डाव्या हाताला ताण द्यायचा नव्हता. त्यांनी उजवा केला.

बससाठी निर्मलाबाईंचा हात अर्धा वर गेला.

"हात खाले कर," भिला पाटील हळूच म्हणाले. "गावनी इज्जत शे."

जीपमध्ये याच माणसाचा श्वास त्यांनी मोजला होता. त्यांनी क्षणभर यजमानांकडे पाहिले आणि हात पदराखाली घेतला. ठराव एकमताने झाला.

आता हाच प्रश्न गावोगाव विचारला जाणार आहे. आपल्याकडे अधिकारी आल्यास कृपया हात कोपरातून ताठ ठेवावा. मोजायला सोपे जाते.