भेंडीला लागलेलं वांगं

जीवरामभाऊंनी एकदा काटकसर मनावर घेतली की घरच्यांनी काय काय सोसायचं, ते देवच जाणे! पिंप्राळ्यातल्या त्यांच्या घरात दंतमंजन घरी केलेलं होतं. ते लावलं की दात पांढरे व्हायच्या आधी ओठ काळे व्हायचे. साबणही घरचाच होता. त्यानं मळ तेवढा जात नसे, बाकी कपड्याचा रंग, काठ, कधी कधी बटणंसुद्धा जात. भाऊ कचेरीत कारकून होते आणि हे सगळं तिथं मोठ्या अभिमानानं सांगत असत. कचेरीतले लोक त्यांचे ओठ बघत आणि मान डोलावत.

सदुसष्ट सालच्या ज्येष्ठात जेवता जेवता त्यांनी जाहीर केलं, "ऐकलं का, यापुढे बाजारची भाजी बंद. परसात वांगी लावतो. भरताची."

परसात भाऊंच्या बायकोचा, कुंदाबाईंचा मोगरा होता. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्यांनी सोनगीरहून, माहेरून चार रोपं आणली होती आणि बारा वर्षं विहिरीचं पाणी ओढून ती वाढवली होती. भांडायचं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी फक्त एक अट घातली.

"लावा. पण चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो, तो याच परसातल्या वांग्यांचा झाला पाहिजे. झाला तर परस तुमचं. नाही झाला तर माझा मोगरा परत जागेवर, आणि तुम्ही खुरपं घेऊन तिकडे फिरकायचं नाही."

भाऊंनी हसत हसत कबूल केलं. मोगरा रॉकेलच्या गंजक्या डब्यांत गेला आणि श्रावणापर्यंत त्याची पानं पिवळी पडली. कुंदाबाई रोज डब्यांना पाणी घालत आणि त्यांचा जीव तुटे.

वांगी मात्र अशी माजली की विचारू नका. भादव्यात हिरवीगार, हातभर लांब वांगी झाडाला लोंबायला लागली. भाऊ छाती काढून परसात गेले आणि तिथंच त्यांच्या लक्षात आलं की चातुर्मास चालू आहे. कुंदाबाईंच्या घरात आषाढी एकादशीपासून चंपाषष्ठीपर्यंत कांदा, लसूण आणि वांगं उंबऱ्याच्या आत येत नसे.

दुसऱ्या कोणी ती वांगी शेजारीपाजारी वाटून टाकली असती. पण फुकट द्यायचं म्हटलं की भाऊंचा हात आखडायचा. कचेरीतले हेडक्लार्क कौतिकआबा शेतकऱ्याच्या घरातले, चातुर्मास न पाळणारे. ते एकदा कुंपणाला सायकल टेकवून म्हणाले, "वांगं तोडशी तवयच पुढलं लागी, जीवराम. तुले खावानं नही तर माले दे."

तोडलं तरच झाड पुढचं फळ धरतं, हे भाऊंच्या कानात शिरलंच नाही, शेवटचं वाक्य तेवढं ऐकू आलं. आबांचा डोळा आपल्या वांग्यांवर आहे, हे त्यांनी पक्कं ओळखलं. झाडावर राहिलेलं वांगं कुठे पळून जातं, असा हिशोब करून त्यांनी एकही वांगं तोडू दिलं नाही. वांगी आधी पिवळी झाली, मग तपकिरी, आणि आतल्या बिया वाळूसारख्या कचकचीत. आपलं काम झालं असं समजून झाडांनी फुलं धरणंच सोडून दिलं आणि जुनी वांगी गळून झाडं बोडकी झाली.

पण बढाई तर आधीच मारून झाली होती. पुण्याकडून नवीन साहेब आले होते आणि त्यांना खानदेशी भरीत खायचं होतं. भाऊ त्यांना म्हणाले होते, "चंपाषष्ठीला आमच्याकडे, साहेब. वांगी तुम्ही आपल्या हातानं तोडायची, तिथंच कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर भाजायची. आमची पद्धत आहे." साहेबांनी सगळ्या कचेरीला बरोबर आणायचं कबूल केलं होतं.

चंपाषष्ठीच्या सकाळी कुंदाबाई देवळात गेल्या आणि भाऊ सायकलवर टांग मारून भाजीवाल्या भिकुबाईकडे. तिनं पिशवीत वांगी भरता भरता विचारलं, "भाऊ, तुमना घरना वांगा कोठे गयात?" भाऊंनी तिला गप्प बसायला सांगितलं.

घरी येऊन त्यांनी शिवणाच्या डब्यातलं काळं रीळ काढलं आणि एकेक वांगं देठाशी झाडाला बांधलं. वाळक्या फांद्या वजनानं मोडायला लागल्या. झाडं संपली, तरी पिशवीत चार वांगी उरली. गल्लीतून बायकोचा आवाज यायला लागला तशी भाऊंनी ती चार कुंपणाच्या कडेच्या भेंडीला बांधून टाकली.

कुंदाबाई परसात आल्या. सकाळी बोडकी असलेली झाडं आता वांग्यांनी वाकली होती. त्यांनी क्षणभर पाहिलं.

"खंडोबा पावला म्हणायचा," एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

दुपारी मंडळी आली. साहेबांनी बाह्या सरसावून पहिलं वांगं तोडलं आणि ते थबकले. "हा दोरा कसला हो?"

"दृष्ट लागू नये म्हणून, साहेब," भाऊ म्हणाले. एवढं चटकन सुचल्याबद्दल त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. साहेबांनाही ते पटलं. बंगल्यावरच्या गुलाबालाही असाच दोरा बांधायचं त्यांनी ठरवलं.

कौतिकआबा मात्र कुंपणापाशी उभे राहून तंबाखू मळत होते. समोर बघत ते शांतपणे म्हणाले, "जीवराम, तुनी भेंडीले वांगं लागेल शे."

"काय म्हणताहेत?" साहेबांनी विचारलं.

"खत चांगलं पडलंय म्हणताहेत," भाऊ म्हणाले आणि घाईघाईनं पऱ्हाट्या रचायला लागले.

पऱ्हाट्या पेटल्या. वांगी भाजली, सोलली, लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचली गेली. वास असा सुटला की माणसांचं बोलणं बंद झालं. देवघराबाहेरच पानं मांडली गेली. आता आपण जिंकलो, असं भाऊंना वाटलं.

तेवढ्यात कुंदाबाईंनी देवघरात नैवेद्याचं ताट ठेवलं, भाऊंना बोलावलं आणि त्यांच्या तळहातावर चिमूटभर भंडारा ठेवला.

"नैवेद्य घरच्या वांग्यांचा आहे, एवढं देवाला सांगा. मग वाढायला घेते."

साहेबांशी खोटं बोलणं निराळं. साहेब आज ना उद्या बदलून जातात. पण हातात भंडारा, समोर घोड्यावर बसलेला, तलवार उपसलेला खंडोबा, आणि तो काही बदलून जाणारा नव्हता. भाऊंचे वडील भंडारा हातात घेतल्यावर चुकूनही खोटा शब्द काढत नसत. भाऊंनी डोळे मिटले आणि ते तोंडातल्या तोंडात पुटपुटले, "देवा, वांगी भिकुबाईची आहेत. चार तर भेंडीला बांधली होती."

पुटपुटलेच होते. पण पानांवर बसलेली मंडळी भुकेनं इतकी गप्प होती की शेवटच्या पानावरल्या साहेबांनाही शब्द न् शब्द ऐकू गेला.

भाऊंना वाटलं, जमिनीनं पोटात घेतलं तर बरं. मग कौतिकआबांनीच मोठ्यानं "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हटलं, सगळ्यांनी सूर मिळवला आणि साहेबांनी भरताकडे बोट दाखवलं. त्यांनी तीनदा भरीत वाढून घेतलं. जाताना भाऊंचा हात हातात धरून ते गंभीरपणे म्हणाले, "गुलाबाला दोरा मात्र नक्की बांधतो."

संध्याकाळी भाऊंनी कोणी न सांगता रॉकेलचे डबे परसात आणून ठेवले, वांग्याची झाडं उपटली आणि विहिरीचं पाणी ओढलं. कुंदाबाईंनी चारही रोपं पुन्हा आपल्या जागी लावली. मग उरलेलं काळं रीळ घेऊन पहिल्या रोपाला दोरा बांधला.

"दृष्ट लागायला नको," त्या म्हणाल्या, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा मोकळेपणानं हसल्या. भाऊही हसले. ओठ अजून काळेच होते.

चैत्रात मोगरा नुसता लहडला. भाऊ रोज ओंजळभर फुलं कचेरीत नेत आणि घरचा मोगरा म्हणून टेबलाटेबलावर वाटत. आता फुकट द्यायचीही सवय लागली होती. सगळे घेत, वास घेत, वाहवा करत. कौतिकआबा मात्र चष्मा लावत, फूल उलटं करत आणि देठाशी कुठे दोरा आहे का, ते आधी बघत.