जिन्यातली गिटार

"गिटार ती गिटार," डॉक्टरांची बायको पायात चपला सरकवत म्हणाली. "त्यात लाकडी काय नि इलेक्ट्रिक काय! मला सगळं एकच ऐकू येतं. आधी खणखण, मग ठणठण."

एवढं बोलून ती बहिणीकडे निघून गेली.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या जबड्यात डोकावायचं आणि रविवारी जुन्या रॉकच्या रेकॉर्डी लावून बसायचं, हा त्यांचा नेम. त्या रेकॉर्डींवर इलेक्ट्रिक गिटार गरजू लागली की तिच्या पोटात कुठेतरी एक साधी लाकडी गिटार हळूच वाजत असते, आणि तिच्यामुळेच त्या गर्जनेला धार चढते, असं त्यांचं ठाम मत होतं. हे मत ते पेशंटांनाही ऐकवत. तोंडात कापूस असलेला माणूस वाद घालत नाही. बायकोच्या तोंडात मात्र कापूस नव्हता.

आज तिला पटवून द्यायचंच, असं डॉक्टरांनी ठरवलं. आधी नुसती इलेक्ट्रिक, मग नुसती लाकडी, मग दोन्ही एकत्र. सगळं ध्वनिमुद्रित करून संध्याकाळी चहाबरोबर तिच्यापुढे ठेवायचं. दोन्ही गिटारी त्यांच्याकडे होत्याच. प्रश्न होता तो घुमण्याचा. जुन्या काळी असा घुमारा मिळवायला वादक म्हणे जिन्यात नाहीतर बाथरूममध्ये जाऊन वाजवत. डॉक्टरांच्या घरी बाथरूम होतं आणि घराबाहेर जिना होता. म्हणजे नियतीचीच इच्छा.

त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर उचलून जिन्यात, चपलांच्या कपाटामागे ठेवला. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज ज्यातून बाहेर पडतो तो हा खोका. इमारतीचे सेक्रेटरी गिटारवरून दोनदा समज देऊन गेले होते; तिसऱ्यांदा आवाज आला तर गिटार कमिटीच्या ताब्यात जाणार होती. तेव्हा खोक्यावर जुनी चादर टाकली, शेजारी रेकॉर्डर दडवला आणि लांबलचक वायर दाराखालून, भिंतीच्या कडेकडेने थेट बाथरूमपर्यंत नेली. सेक्रेटरी रविवारी सकाळी बाजारात जातात, तेवढ्यात काम उरकायचं होतं. मोबाइलमुळे गिटारमध्ये टकटक येते, म्हणून तो स्वयंपाकघरात ठेवला. मग दोन्ही गिटारी आणि एक स्टूल घेऊन डॉक्टर बाथरूममध्ये शिरले, दार ओढून घेतलं आणि बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून दारावर आतून जाडजूड रजई अडकवली.

इलेक्ट्रिकचा तुकडा झकास झाला. लाकडी गिटार तर फरशांमध्ये अशी घुमली की डॉक्टरांच्या अंगावर काटा आला. तेवढ्यात त्यांना आठवलं, लाकडी गिटारसाठी रेकॉर्डर इथे आत हवा आणि तो तर जिन्यात! स्वतःलाच हसत ते उठले, रजई बाजूला केली आणि दाराचं हँडल फिरवलं.

हँडल हातात आलं. दार जागेवरच राहिलं.

डॉक्टरांनी हँडल परत बसवून बघितलं. दात काढायच्या सवयीने आधी हलवलं, मग पिरगाळलं, मग ओढलं. दार ढिम्म. "कोणी आहे का?" ते ओरडले. घरात कोणी नव्हतंच. खिडकी उंचावर आणि वीतभर. फोन स्वयंपाकघरात. बायको संध्याकाळी येणार.

आता बाहेरच्या जगाशी त्यांचा एकच धागा उरला होता, आणि तो त्यांच्या मांडीवरच्या इलेक्ट्रिक गिटारला जोडलेला होता. वाजवावी तर सेक्रेटरींच्या तावडीत सापडायचं. न वाजवावी तर संध्याकाळपर्यंत बादलीकडे बघत बसायचं. डॉक्टरांनी तासभर संयम राखला. मग भूक लागली. त्यांनी आवाज पुरता वाढवला आणि सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवला.

पुढे जिन्यात काय झालं ते त्यांना नंतर कळलं.

सहाव्या मजल्यावर, डॉक्टरांच्या शेजारच्या आजी लिफ्टची वाट बघत उभ्या होत्या. लिफ्ट येऊन थांबायला आणि जिन्यातून "घ्यांऽऽऽव" असा आवाज उठायला एकच गाठ पडली. आजी दोन पावलं मागे सरकल्या. बाजारातून परतलेले सेक्रेटरी पिशवी सावरत वर धावले.

"काय झालं आजी?"

"अहो, तुमची लिफ्ट रडतेय!"

लिफ्टचा मेकॅनिक महिनाभर "उद्या येतो" म्हणत होता. सेक्रेटरींनी त्याला फोन लावला आणि काही न बोलता फोन जिन्यात धरला. तेवढ्यात डॉक्टरांनी आणखी एक झटका दिला. पलीकडून मेकॅनिक म्हणाला, "बापरे! कोणी आत बसू नका, आलोच!" आणि खरोखरच आला.

इकडे डॉक्टरांना दुसरी युक्ती सुचली होती. त्यांची गिटार जुनी होती. तारांखाली आवाज पकडणारा जो तुकडा असतो तो सैल झाला होता, आणि त्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन ओरडलं की बोलणंही थोडंफार खोक्यातून ऐकू जाई. डॉक्टरांनी गिटारला तोंड लावलं आणि जीव खाऊन हाक मारली, "मी डॉक्टर! आत अडकलोय! दार उघडा!"

चादरीखालून बाहेर पडेपर्यंत त्याचं "ऑक्टर... आत अडकलॉय..." एवढंच उरलं.

"लिफ्टमध्ये माणूस आहे!" आजी किंचाळल्या. त्यांनी लिफ्टच्या दाराला तोंड लावलं. "बाळा, घाबरू नकोस! काय हवंय तुला?"

"डॉक्टर..."

"डॉक्टर हवाय म्हणतोय! अहो, बघत काय बसलात? ते दातांचे राहतात ना इथेच, त्यांना उठवा!"

सेक्रेटरींनी डॉक्टरांच्या दाराची बेल दाबली. ती डॉक्टरांना ऐकू आली. आनंदाने त्यांनी गिटारमध्ये आणखी जोरात हाक मारली. बाहेर लिफ्टमधला माणूस आणखी कण्हला. सेक्रेटरींनी बेल पुन्हा पुन्हा दाबली, डॉक्टर पुन्हा पुन्हा ओरडले.

"घरी नाहीत वाटतं," सेक्रेटरी वैतागून म्हणाले. "एरवी नको तेव्हा गिटार वाजवत बसतात. आणि आज माणूस मरायला टेकलाय, तर यांचा पत्ता नाही!"

मेकॅनिकने लिफ्ट उघडली. आत आरसा आणि एक विसरलेली छत्री. "आत तर कोणी नाहीये साहेब," तो घाम पुसत म्हणाला, आणि सगळी यंत्रणा बघायला गच्चीवर धावला. जिन्यात पाच-सहा घरांची माणसं गोळा झाली. नेमकी तेव्हाच डॉक्टरांची बायको परतली. बहिणीचे पाहुणे आल्यामुळे ती लवकर निघाली होती.

आतल्या आत हताश झालेले डॉक्टर आता आपली आवडती धून वाजवत होते. जिन्यात सगळे श्वास रोखून ऐकत होते. बायकोने पण क्षणभर ऐकलं.

"ही लिफ्ट नाही," ती म्हणाली. "हे आमचे हे आहेत."

"कशावरून?" सेक्रेटरींनी विचारलं.

"दर वेळी याच जागी चुकतात."

तिने वायरीच्या मागावर घरात जाऊन बाथरूमचं हँडल बाहेरून फिरवलं. दार पटकन उघडलं. रजईसकट डॉक्टर बाहेर आले ते थेट सेक्रेटरींच्या पुढ्यात.

"साहेब, चूक झाली," डॉक्टर मान खाली घालून म्हणाले. "तो आवाज माझाच. घेऊन जा गिटार."

सेक्रेटरींनी तोंड उघडलं. त्यांच्या तोंडून काही बाहेर पडायच्या आत मेकॅनिक धापा टाकत खाली आला. त्याचे हात ग्रीसने काळे झाले होते.

"साहेब, लिफ्ट बंद केलीय. मुख्य दोराच्या तारा तुटत आल्यात. आज ओरडली म्हणून बरं, नाहीतर..." पुढचं त्याने हातानेच दाखवलं.

आजींनी डॉक्टरांच्या गालावरून हात फिरवला. सेक्रेटरींनी तोंड मिटलं, थोडा विचार केला, डॉक्टरांना कोपऱ्यात घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "डॉक्टर, तो पाण्याचा पंपवाला. सहा वेळा बोलावलं, येतच नाही. तुम्ही जरा पंपापाशी..."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी पंपाजवळ अ‍ॅम्प्लिफायर लावला, सेक्रेटरींनी फोन धरला. डॉक्टरांनी मन लावून वाजवलं. चहा व्हायच्या आत पंपवाला हजर. त्याने पंप उघडला, खालीवर केला, कान लावला, पण त्याला कुरकुरणाऱ्या एका वायसरखेरीज काही सापडलं नाही.

"फोनवर तर भयंकर आवाज येत होता," तो संशयाने म्हणाला. "असा आवाज करणारा पंप मी चालू ठेवणार नाही. उद्या स्फोट झाला तर माझ्यावर यायचं." आणि पंप बंद करून, तारा काढून तो कंपनीत तपासायला घेऊन गेला.

लिफ्टचा नवा दोर अजून यायचा होता. त्या संध्याकाळी डॉक्टर आणि सेक्रेटरी दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन आजींच्या घरी, सहाव्या मजल्यावर, जिन्याने चढत होते. चौथ्या मजल्यावर सेक्रेटरी पायरीवर टेकले. बादल्या खाली ठेवून त्यांनी दम खाल्ला.

"डॉक्टर," शेवटी ते म्हणाले, "पुढच्या वेळी जरा हळू वाजवा."