गायधनीकाका आणि चीनमध्ये अडकलेली मालिका

चीनमधल्या एका मालिकेला तिथल्या सरकारने पास केलं म्हणून दोह्यात दारोदार पेढे वाटणारा नाशिककर तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. तो माझ्या डोक्यावर राहतो. म्हणजे आम्ही दुसऱ्या मजल्यावर आणि गायधनीकाका तिसऱ्या.

आम्ही या बिल्डिंगमध्ये राहायला आलो त्याच दिवसाची गोष्ट. वर्ल्ड कपच्या तयारीने अख्खं दोहा उकरून ठेवलेलं. आमच्या सामानाचा ट्रक डायव्हर्जनच्या पाट्या वाचत बिल्डिंगभोवती प्रदक्षिणा घालत होता, समोर दिसत होता, पण येत नव्हता. मी दोनचार खोक्यांच्या मध्ये डोकं धरून बसले होते. तेवढ्यात बेल वाजली. दारात एक उंच, किडकिडीत गृहस्थ. अंगात कंपनीचा निळा कव्हरऑल, हातात पेढ्यांचा बॉक्स.

"घ्या. पहिल्या फेरीत पास झाली!"

मला वाटलं मुलगी दहावीला असेल. "अरे वा! कुठल्या शाळेत होती?"

"शाळेत नाही हो, प्रांतात! प्रांताने पास केली. आता फाईल बीजिंगला जाणार."

मी पेढा घेतला. सांगलीची आहे मी, पेढ्याला नाही म्हणायचं वळण आम्हाला नाही. पण दार लावल्यावर नवऱ्याला म्हटलं, "समीर, वरचे काका कामातून गेलेत."

तसे ते कामातले माणूस आहेत. रास लफानला गॅसच्या प्लांटवर वेल्डिंग इन्स्पेक्टर. वेल्डरने पाईपचा जोड कितीही झोकात मारू दे, काकांनी एक्स-रे बघून सही केल्याशिवाय त्यातून गॅस सोडायचा नाही. उभा जन्म दुसऱ्यांनी केलेल्या कामाला "थांबा" म्हणण्यात गेला. साहजिकच, शूटिंग संपलेल्या मालिकेला वर्षानुवर्षं "थांबा" म्हणणारं खातं चीनमध्ये आहे हे कळल्यावर त्यांना जत्रेत हरवलेला भाऊ सापडल्याचा आनंद झाला असणार.

"वैशाली, शूटिंग म्हणजे नुसतं वेल्डिंग गं," हे त्यांचं पेटंट वाक्य. "खरं काम पुढे! टेस्टिंग!"

एका शुक्रवारी आम्ही काका आणि मंदाकाकूंना जेवायला बोलावलं. मी बटाटेवडे केले होते. समीरने वडा उचलला, तर काकांनी त्याच्या हातातून काढून घेतला. "समीरराव, हा वडा तळून झाला. म्हणजे शूटिंग झालं. म्हणून लगेच खायचा?"

"मग काय करायचा?"

"आधी प्रांताने बघायचा." त्यांनी वडा मंदाकाकूंसमोर धरला. काकू बिचाऱ्या सवयीने मान हलवून मोकळ्या झाल्या. "प्रांत म्हणणार, मिरची जास्त आहे, काढा. काढली. मग वडा केंद्राकडे." केंद्र म्हणजे मी. "केंद्र म्हणणार, चाळीस भागांच्या वर नको, लहान करा. केला. मग परवान्याचा नंबर मिळाला."

"आता खाऊ?" समीरची नजर वड्यावरून हलत नव्हती.

"छे! परवाना मिळाला म्हणजे फक्त खायला हरकत नाही. कधी खायचा ते अजून कुठे ठरलंय? मध्येच राष्ट्रीय सोहळा आला की राजेरजवाड्यांच्या मालिका मागे सारतात. आणि एखाद्या दुपारी अचानक जाहीर करतात, आजपासून सुरू! की आपली पळापळ."

तोवर वड्याचा दगड झाला होता. समीरने तो तसाच खाल्ला, काय करतो!

कुठलाही विषय काढा, काका तो चीनला नेऊन पोचवणार. समीर एका स्टेडियमच्या तिकीट-गेटच्या सॉफ्टवेअरवर काम करायचा. रात्रंदिवस एकच धोशा, डेडलाइन, डेडलाइन. काका त्याला म्हणायचे, "तुमचं बरंय हो. आपल्याकडे तारीख तयार, रस्ते तयार नाहीत. त्यांच्याकडे मालिका तयार, तारखेचा पत्ता नाही!" आणि स्वतःच्या वाक्यावर स्वतःच खूश होऊन मांडीवर थाप मारायचे.

गणपतीत तर त्यांनी उच्छाद मांडला. मंडळासाठी मी छोटी एकांकिका लिहिली होती. एक खाष्ट सासू मरते आणि भूत होऊन सुनांना छळते, असली काहीतरी गंमत. काकांनी ती स्वतःहून तपासायला नेली आणि तोंड पाडून परत आणली.

"भूत चालणार नाही."

"कुणाला चालणार नाही? इथे कोण बघतंय?"

"कुणालाच चालत नाही. तिकडे सरळ कापतात. पण एक वाट असते." आवाज खाली आणून, जणू गुपित सांगतायत, "शेवटी दाखवायचं की सुनेला ताप होता आणि तिला भास झाला. लगेच पास!"

मी हात जोडले. पण खरं सांगू? तापाचा शेवट माझ्या शेवटापेक्षा बरा होता. टाळ्या पडल्या. काकांनी मंडळात पेढे वाटले. त्या माणसाच्या हातात पेढ्याशिवाय दुसरं काही मी क्वचितच पाहिलं.

एवढ्या सगळ्या चिनी मालिका सोडून काकांचा जीव एकाच मालिकेत अडकला होता. तिला ते "आपली मालिका" म्हणत. तिचं नाव आधी 'तलवार आणि चंद्र' होतं. तपासणीत तलवार गेली, मग चंद्र गेला, शेवटी 'शांत नदी' उरलं. प्रत्येक बारशाला पेढे होतेच. मी एकदा विचारलं, "काका, एवढं काय आहे हो त्या मालिकेत?" तर ते म्हणाले, "जोडकाम छान आहे," आणि जिना चढून गेले. न पाहिलेल्या मालिकेचं जोडकाम!

मग एक दिवस वरून काही आवाजच येईना. ना फेऱ्या, ना खुर्ची सरकवल्याचा आवाज. मी वर गेले. काकू देवापुढे, काका सोफ्यावर सुतक आल्यासारखे.

"कोण गेलं?" मी घाबरून विचारलं.

"दुसरा हीरो," काका म्हणाले. "मेल्याने टॅक्स बुडवला! आता त्याची प्रत्येक मालिका डब्यात घालणार. अरे, भरायचा होतास ना बाबा टॅक्स! काय बिघडलं असतं तुझं?"

कतारात आमच्या पगाराला टॅक्स नाही. टॅक्स नाही म्हणून तर अर्धी बिल्डिंग इथे आली. आणि इथे बसून हा माणूस एका चिनी नटाच्या टॅक्सपायी अन्न सोडून बसला होता, आणि काकू नाशिकच्या गणपतीला त्याच टॅक्ससाठी नवस बोलत होत्या. मला हसू आवरेना. मी चहा करायच्या निमित्ताने आत पळाले. काकू मागोमाग आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझं हसू तिथेच विरलं.

"हसू नकोस गं," त्या म्हणाल्या. "त्या मालिकेत आमचा ओंकार आहे."

ओंकार म्हणजे त्यांचा मुलगा. काकांनी त्याला डॉक्टर व्हायला चीनला पाठवलं होतं. पोरगं अर्ध्यात कॉलेज सोडून मालिकांचं शूटिंग होतं त्या गावी जाऊन राहिलं. चिनी ऐतिहासिक मालिकेत कधी इराणी व्यापारी लागतो, कधी भारतातून आलेला भिक्षू लागतो. ओंकार दाढी लावून तो होतो. काका फोनवर कडाडले, "असली सोंगं करायला पाठवलं का तुला? डॉक्टर झाल्याशिवाय मला फोन करू नकोस." बापाचाच मुलगा तो, त्याने केला नाही. आईशी बोलायचा. तेवढा वेळ काका बाल्कनीत जाऊन समोरची क्रेन बघायचे आणि फोन संपला की आत येऊन विचारायचे, "काय म्हणतंय तिकडचं हवामान?"

"आणि या मालिकेत," काकू पदराने डोळे पुसत हसल्या, "पहिल्यांदा त्याला बोलायला वाक्यं मिळालीत. भारतातून आलेला वैद्य आहे. राणीला बरं करतो."

"म्हणजे शेवटी डॉक्टर झालाच की!"

"हेच तर यांचं चाललंय! म्हणतात, दिसला तर झाला डॉक्टर. मग मी बोलेन त्याच्याशी."

काका दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "वैशाली, चाळिसात बसवायची म्हणजे मालिका कापणार. त्या वैद्याचं कथेत काय काम आहे? राणी तशीही बरी झाली असती. मी तपासायला असतो तर मीच तो सीन कापला असता."

त्या दिवसापासून ती मालिका आमचीही झाली. समीर, जो माझ्या माहेरचे फोन उचलत नाही, तो ऑफिसमधल्या चिनी सहकाऱ्याला रोज विचारायला लागला. त्याच्याकडूनच कळलं की टॅक्सबुडव्या हीरोचं तोंड कॉम्प्युटरने पुसून दुसऱ्याचं बसवतायत. काका आनंदाने नाचलेच. "रिपेअर वेल्ड! जोड खराब निघाला तर पाईप फेकत नाहीत, तेवढाच जोड खरवडून पुन्हा मारतात. काय डोकं आहे!" मग परवान्याचा नंबर आला. काकांनी हॉल झाडून घेतला, खुर्च्या मांडल्या, सगळ्यांना आमंत्रणं दिली. महिने गेले, खुर्च्या तशाच. काकू त्यांच्यावर कपडे वाळत घालायला लागल्या.

आणि एका दुपारी समीरचा ऑफिसातून फोन, "अगं, आजपासून! आत्ता! वर पळ!"

मी गॅस बंद केला एवढंच आठवतंय. काका तेव्हा प्लांटवर होते. त्यांना फोन केला तर म्हणाले, "तुम्ही बघून घ्या. तो असला तरी सांगू नका, नसला तरी सांगू नका." मग कंपनीच्या बसमधून येताना दर सिग्नलला फोन, "सांगू नका म्हटलं ते लक्षात आहे ना?"

रोज दुपारी दोन भाग यायचे, काका कामावरून परतले की सगळे मिळून बघायचो. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला परवान्याचा नंबर दिसला की काका उभे राहायचे आणि आम्हालाही उभं करायचे. राणी आजारी पडली. राजाचे वैद्य आले आणि हरले. पुढच्या भागात एकदम लढाईच सुरू झाली. "खलास," काका म्हणाले. "कापला." त्या रात्री ते जेवले नाहीत, असं काकूंनी सकाळी सांगितलं.

पण शुक्रवारी, सगळे घरी असताना, लढाई संपली आणि राणी पुन्हा आजारी पडली. देव पावला! राजवाड्याचं दार उघडलं आणि पांढरा फेटा, छातीपर्यंत दाढी, गळ्यात रुद्राक्षाच्या माळा घातलेला ओंकार आत आला.

आम्ही असे किंचाळलो की खालच्या मजल्यावरचे केरळी भाऊ काय झालं म्हणून वर आले. काकूंनी टीव्हीवरून कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली. ओंकारने राणीच्या मनगटाला रेशमी दोरा बांधला आणि पडद्याआडून नाडी बघायला लागला. काका ओरडले, "दोऱ्याने? हे शिकवलं यांना कॉलेजात?" आणि खदाखदा हसले. त्यांना तसं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मग ओंकार बोलायला लागला. चांगलं लांबलचक बोलला. राणीने डोळे उघडले.

"पास!" समीर ओरडला. "काका, पास झाला!"

काका हसत नव्हते. "हा आवाज कुणाचा आहे?"

काका काकूंकडे वळले. "मंदा, हा ओंकार नाही बोलत."

"अहो, असं काय करता," काकू हळू म्हणाल्या. "शूटिंगनंतर आवाज दुसऱ्यांचे घालतात ना तिकडे. तुम्हीच तर आम्हाला सांगता."

खरंच होतं. ती पायरीही त्यांना पाठ होती. ती आपल्या पोरालाही लागू होईल हे मात्र त्या माणसाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तो दिसणार की कापला जाणार, एवढ्यावरच सगळा जीव लावून बसले होते. आणि एवढी वर्षं थांबून मुलगा दिसला, तर तोंडात कुणा परक्याचा भारदस्त आवाज.

"पुन्हा लाव," काका म्हणाले. समीरने लावलं. "आवाज बंद कर." केला. ओंकारचे ओठ हलत होते आणि हॉलमध्ये फक्त एसीची घरघर. काका पुढे वाकून त्या ओठांकडे बघत होते.

मग त्यांनी काकूंचा फोन उचलला आणि स्वतः लावला.

"हां आई," पलीकडून आवाज आला. कोवळा, थोडा घोगरा, अगदी नाशिकचा. "बोल. बघितलंस का? आई? हॅलो? आवाज येत नाहीये तुझा. नेट गेलं वाटतं. आई?"

काकू पुढे झाल्या तर काकांनी हातानेच थांबवलं. पोरगं हॅलो हॅलो करत राहिलं, आणि हे आपले ऐकत राहिले. डोळे वाहत होते, पुसायचंही भान नव्हतं.

"मी बोलतोय," अखेर ते म्हणाले.

पलीकडून अगदी बारीक आवाजात, "बाबा? तुम्ही बघितलंत?"

"बघितलं रे. ऐकायचा राहिलास. बोल आता."

"काय बोलू?"

"काहीही," काका म्हणाले. "जेवलास काय ते सांग."